स्थलांतरितांचे आरोग्य : कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील आरोग्य, अंगणवाडी, महसूल आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



ज्या विषयासाठी आपण आज एकत्र जमलो आहोत, त्याला कागदोपत्री ‘स्थलांतरितांमधील आरोग्यविषयक विषमता’ असे भारदस्त नाव आहे. जगात या विषयाची चर्चा बरीच झाली आहे. २००८ साली जागतिक आरोग्य सभेने स्थलांतरितांच्या आरोग्यासंबंधी ठराव संमत केला. २०१८ च्या डिसेंबरात मोरोक्कोतील माराकेश येथे अनेक राष्ट्रांनी स्थलांतराविषयीचा जागतिक करार स्वीकारला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्वासित आणि स्थलांतरित यांच्या आरोग्याचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. या साऱ्या दस्तऐवजांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने एका देशातून दुसऱ्या देशात जाणारा माणूस आहे. भाषा निराळी, कायदा निराळा, ओळखपत्र नाही, दवाखान्यात जावे तर भीती वाटते, अशी त्याची अवस्था त्यांत वर्णिलेली आढळते.

ते वर्णन वाचीत असताना मला मात्र आपल्या या दोन तालुक्यांतील वाड्या आठवत राहतात. आपला स्थलांतरित समुद्र ओलांडीत नाही. कर्जतच्या पूर्वेकडील, भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीवरून निघतो आणि कल्याण, भिवंडी, पनवेल किंवा मुरबाडच्या वीटभट्टीवर जाऊन उतरतो. कोणी घाट चढून देशावर कोळसा पाडण्यासाठी जातो, कोणी थेट कर्नाटकात पोहोचतो. अंतर म्हणाल तर कित्येकांच्या बाबतीत पन्नास-साठ किलोमीटर. पण तेवढ्या अंतरातच त्याचे बाळ आपल्या नोंदवहीतून नाहीसे होते आणि दुसऱ्या कोणाच्याही नोंदवहीत उमटत नाही. देशाची सीमा ओलांडणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे येते, ते आपल्याकडे तालुक्याची सीमा ओलांडणाऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

हे लोक कोण, हे येथे बसलेल्या मंडळींना सांगण्याची आवश्यकता नाही. तरी थोडे सांगतो, कारण कारणपरंपरा ध्यानात घेतल्यावाचून उपाय सुचत नाही. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. नावातच व्यवसाय आहे, आणि तो व्यवसाय तर केव्हाच संपला. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील राबता आकसत गेला, खैर तोडण्याची मुभा राहिली नाही, आणि जंगलात राहणारा हा समाज हळूहळू दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या भट्टीवर मजूर झाला. मुंबईच्या चुलींना आणि शेगड्यांना लागणारा कोळसा पाडण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे घरोघरी गॅस आला आणि तेही घटले. मग शहरे वाढू लागली, इमारतींना विटा लागू लागल्या, आणि कातकऱ्याच्या वाट्याला माती आली. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना केंद्र शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून मान्यता दिली, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील त्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक भरली. याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहात, नाग्या महादू कातकरी या तरुणाने गोळी झेलली. त्याचा उल्लेख आपण दरवर्षी आदराने करतो. त्याच्या जमातीच्या आजच्या मुलाचे वजन किती भरते, याची विचारपूसही त्याच आदराने व्हावी असे मला वाटते.

ठाकर समाजाकडे थोडीफार शेती असते, त्यामुळे त्याचे पाऊल वाडीत अधिक टिकते. कातकऱ्याकडे बहुधा जमीन नसते. पुष्कळ वाड्यांवर घराखालची जागादेखील स्वतःच्या नावावर नसते. पावसाळ्यात शेतावरची लावणी-कापणी मिळते तेवढेच काम. आषाढ-श्रावणात चूल अडते आणि त्याच वेळी मुकादम वाडीवर येतो. तो गौरी-गणपतीच्या तोंडावर पैसे देऊन जातो. कोणी त्याला बयाणा म्हणतो, कोणी उचल. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि वाडी रिकामी होते. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाची चाहूल लागल्यावर, माणसे परततात. हंगामाच्या हिशोबात उचल फिटली तर फिटली, नाही तर पुढच्या वर्षासाठी बाकी राहते.

शासनाने हे चक्र तोडण्याचे यत्न केले नाहीत असे नाही. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो देशात पहिला. पावसाळ्यातील उपासमार टळावी म्हणून आदिवासींसाठी खावटीची योजना आली. महामारीच्या वर्षी, २०२० मध्ये, खावटीचे रूपांतर कर्जातून अनुदानात झाले आणि कुटुंबाला रोख व धान्यादी वस्तू मिळून ४,००० रुपये देण्याचे ठरले. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांवर धान्य बँका चालविल्या, त्यामागेही हाच विचार होता. पावसाळ्यात घरात दोन पायली धान्य असेल, तर मुकादमाशी बोलताना आवाज निराळा लागतो. आरोग्याच्या भाषणात धान्याचे कशाला, असे कोणी विचारील. पण दिवाळीनंतरच्या सात महिन्यांच्या आजारपणाचे मूळ श्रावणातल्या रिकाम्या मडक्यात आहे, हे ज्याने वाडी पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता भट्टीवर जाऊ. तेथे काम माणसागणिक मोजले जात नाही, जोडीगणिक मोजले जाते. नवरा माती मळतो, बायको गोळा वाहून आणते, दोघे मिळून विटा पाडतात आणि दर हजारी ठरतो. पहाटे दोन-तीन वाजता काम सुरू होते, कारण उन्हे वर येण्यापूर्वी माल पाडून झाला पाहिजे. पोर पाच-सहा वर्षांचे झाले की ओल्या विटा उलटण्याच्या कामी लागते. मजुरी हंगामाच्या शेवटी. मधल्या काळात आठवड्याला मिळते ती खर्ची, आणि तीही उचलीत धरली जाते. राहायला कच्च्या विटा एकावर एक रचून केलेली खोपटी, वर प्लास्टिक किंवा पेंढा. आत ताठ उभे राहता येत नाही. शौचालय नाही. पाणी बहुतेक ठिकाणी टँकरचे किंवा माती भिजविण्यासाठी केलेल्या खड्ड्यालगतचे. भट्टी लागली की तूस आणि दगडी कोळशाचा धूर दिवसरात्र त्या खोपट्यांवरून वाहतो.

खाण्याची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपण कातकऱ्याला नेहमी गरीब म्हणतो, आणि तो आहेच. पण वाडीवर असताना पावसाळ्यात त्याच्या ताटात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे असतात. ओढ्यातले मासे, चिंबोऱ्या असतात, करांद्यासारखे कंद असतात. हे सारे विकत घ्यावे लागत नाही. भट्टीवर यातले काहीच नसते. तेथे भात, मिरची, सुके बोंबील किंवा सुकट, आणि जवळच्या दुकानातून उधारीवर आणलेले तेल. मूल तर चहा-बिस्किटांवर दिवस काढते. म्हणजे हातात पैसे अधिक येऊनही अन्न निकृष्ट होते. आहाराविषयी बोलणाऱ्यांनी ही उलटी चाल ध्यानी घ्यावी.

स्थलांतरित माणूस आजार घेऊन येतो, असा एक समज शहरांत फार जुना आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. घर सोडून जातो तो धडधाकट माणूसच जातो. म्हातारीकोतारी, आजारी माणसे वाडीवर राहतात. सहा-सात महिन्यांत त्या धडधाकट माणसाचे काय होते, ते जागेवर आणि कामावर अवलंबून असते. धुराने खोकला जडतो, उन्हात मूत्रमार्गाचे विकार होतात, स्त्रियांचा पंडुरोग वाढतो, विटांच्या चळतींत विंचू असतो. विंचवाच्या दंशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. विंचूदंशाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखविणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात काम केले आणि त्याची दखल जगातील वैद्यकीय नियतकालिकांनी घेतली. उपाय याच जिल्ह्यात सापडला आहे. प्रश्न एवढाच उरतो की, रात्री दोन वाजता विंचू चावलेला माणूस भट्टीवरून आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचतो की नाही.

पोहोचण्याच्या या प्रश्नाकडे जरा बारकाईने पाहू.

समजा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या वाडीवर बाळ जन्मले. प्रसूती कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात झाली, क्षयरोगाची लस म्हणजे बीसीजी आणि पोलिओचा पहिला थेंब तेथेच मिळाला. येथवर सर्व उत्तम. पुढचे पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यावयाचे. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य, डिसेंबरचा मध्य आणि जानेवारीचा मध्य. बाळ तेव्हा भट्टीवर असते. मेच्या अखेरीस ते परत येते तेव्हा जवळजवळ आठ महिन्यांचे झालेले असते. लस तेव्हाही देता येते आणि आपण देतोही. वर्षअखेरीच्या तक्त्यात ते बाळ पूर्ण संरक्षित म्हणून नोंदले जाईल. पण डांग्या खोकल्यापासून ज्या महिन्यांत त्याला सर्वाधिक जपावयाचे, ते महिने विनासंरक्षण गेले. तक्ता खोटा नाही. त्याने विचारलेला प्रश्नच अपुरा आहे.

क्षयरोगाचे तसेच. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. सप्टेंबरात निदान झालेला रुग्ण फेब्रुवारीअखेर मोकळा व्हावयाचा, आणि त्याचा टेम्पो नोव्हेंबरात येतो. गोळ्या दोन महिन्यांत अंगी लागतात, खोकला थांबतो, वजन वाढते, रुग्णाला बरे वाटू लागते. नेमका तोच क्षण घर सोडण्याचा. अर्धवट सोडलेला क्षयरोग औषधाला दाद न देणारा होऊन परततो, हे आपणांपैकी डॉक्टर मंडळींना मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. राष्ट्रीय कार्यक्रमात ‘निक्षय’ या प्रणालीवर रुग्णाचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हस्तांतरण करता येते, पोषणासाठीचे मासिक साहाय्य २०१८ पासून ५०० रुपये होते आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० रुपये झाले. यंत्र आहे. मात्र ते चालण्यासाठी रुग्ण कोठे चालला आहे हे कोणीतरी त्याला निघण्यापूर्वी विचारले पाहिजे. मुकादमाचे नाव, भट्टी कोणत्या गावाच्या हद्दीत आणि एक दूरध्वनी क्रमांक, एवढेच.

कुपोषणाच्या बाबतीत तर आपण दरवर्षी तोच डाव पुन्हा मांडतो. ऑगस्टमध्ये तीव्र कुपोषित मूल सापडते, ग्राम बालविकास केंद्रात किंवा रुग्णालयातील बाल उपचार केंद्रात दाखल होते, ऑक्टोबरपर्यंत सावरते, दिवाळीनंतर जाते आणि जूनमध्ये पुन्हा त्याच अवस्थेत दंडाला फीत लावण्यासाठी आपल्यापुढे उभे राहते. सेविकेचे श्रम, शासनाचा खर्च आणि त्या आईचा विश्वास, तिन्ही पाण्यात जातात. यात सेविकेचा दोष नाही. तिचे कार्यक्षेत्र वाडीच्या सीमेशी संपते.

गरोदर स्त्रीची गोष्ट मी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरात चौथा महिना असलेली स्त्री एप्रिलमध्ये भट्टीवर बाळंत होते. माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेक वेळा वाडीवरच्या पत्र्याच्या पेटीत राहते. नव्या ठिकाणचा डॉक्टर तिचे रक्त किती, रक्तदाब किती, पूर्वीचे बाळंतपण कसे झाले, यांतले काहीही जाणत नाही.

मग कायदा काय करतो? १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राने कायदा केला. त्यात वैद्यकीय सोयी, राहण्याची जागा, प्रवासभत्ता यांची तरतूद होती. कायदा चांगल्या हेतूने झाला. परंतु त्याच्या नावातच ‘आंतरराज्य’ हा शब्द आहे. कर्जतचा कातकरी भिवंडीला गेला तर तो राज्याबाहेर गेला नाही, म्हणून त्या कायद्याच्या दृष्टीने तो स्थलांतरितच नव्हे. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. तिच्यात व्याख्या रुंदावली, स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेला कामगारही तिच्यात आला, पण राज्याची सीमा ओलांडण्याची अट राहिलीच. महाराष्ट्रासारख्या विशाल राज्यात, जेथे बीडचा ऊसतोडणी कामगार कोल्हापूरला जातो आणि रायगडचा कातकरी ठाण्याला, तेथे या अटीमुळे किती माणसे कायद्याच्या छत्राबाहेर राहतात याचा विचार व्हावा असे माझे नम्र मत आहे.

दुसरा कायदा मात्र आपल्या हातात आहे आणि त्याचा आरोग्याशी संबंध कोणी जोडीत नाही. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. उचल घेतली आहे म्हणून काम सोडून जाता येत नाही, कोठेही ये-जा करता येत नाही, दुसरीकडे मजुरी करता येत नाही, ही परिस्थिती त्या कायद्याने वेठबिगारी ठरविली आहे आणि तिच्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने ऐंशीच्या दशकात या कायद्याच्या आधारे कित्येक कुटुंबे मोकळी केली. आता विचार करा. तापाने फणफणलेले मूल घेऊन आई दवाखान्यात जाण्यासाठी निघते आणि तिला ‘आधी हजार विटा पूर्ण कर’ असे सांगण्यात येते, तर तो केवळ निर्दयपणा नव्हे, तो कायद्याचा प्रश्न आहे. भट्टीवर गेलेल्या परिचारिकेला असे काही दिसले, तर तिने ते तहसीलदारांच्या किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या कानावर घालावे. जिल्हा आणि उपविभाग या दोन्ही पातळ्यांवर दक्षता समिती असावी असे कायदाच सांगतो.

येथे भट्टीमालकांच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. सारेच शेठ क्रूर नसतात. कित्येकजण रात्री-अपरात्री स्वतःच्या गाडीतून बाळंतिणीला रुग्णालयात नेतात. पण माणसाचा जीव मालकाच्या स्वभावावर अवलंबून असू नये.

या दोन तालुक्यांची आणखी एक बाजू आहे. आपल्याकडून माणसे जातात, तशीच येतातही. खोपोली आणि खालापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडकडील कामगार आहेत. कर्जतच्या भोवती उभ्या राहिलेल्या शेतघरांवर आणि वसाहतींच्या बांधकामांवर मराठवाड्यातील व परराज्यांतील मजूर आहेत. आणि त्याच शेतघरांच्या फाटकाशी, पत्र्याच्या खोलीत, पहारेकरी म्हणून राहणारे नेपाळी कुटुंब आहे. आंतरराष्ट्रीय स्थलांतरित पाहण्यासाठी माराकेशला जावयास नको, नेरळ-कर्जत रस्ता पुरे. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या मैत्री करारानुसार हे लोक येथे राहू शकतात, काम करू शकतात. त्यांच्या बाळाला लस देण्यासाठी शिधापत्रिका किंवा नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. क्षयरोगाचे औषधही तसेच, जो रुग्ण त्याला मोफत. तरीही ‘कार्ड आणा मग बघू’ हे वाक्य खिडकीशी ऐकू येते. नियम नसताना नियम सांगण्याची ही सवय आपण सोडली पाहिजे. त्या माणसाला ते वाक्य एकदा ऐकले की पुरते. तो पुन्हा येत नाही, खासगी दवाखान्यात कर्ज काढून जातो किंवा अंगावर काढतो.

अन्य देशांनी काय केले, हे पाहणे उपयुक्त आहे. अमेरिकेत फळे व भाजी तोडणाऱ्या फिरत्या शेतमजुरांसाठी १९६२ साली स्वतंत्र कायदा झाला आणि पिकाच्या हंगामाबरोबर मजूर जेथे जातात त्या वाटेवरील आरोग्य केंद्रांना निधी देण्यात आला. कल्पना साधी होती, माणूस दवाखान्याकडे येत नसेल तर दवाखान्याने त्याची वाट धरावी. थायलंडने परदेशी मजुरांतूनच त्यांच्या भाषेत बोलणारे आरोग्य स्वयंसेवक नेमले. आपल्या देशात केरळने २०१७ मध्ये बाहेरून आलेल्या मजुरांसाठी ‘आवाज’ ही विमा योजना काढली आणि त्यांना अतिथी कामगार म्हटले. शब्द बदलल्याने सारे बदलते असे नाही, पण पाहुण्याला ओसरीवर ताटकळत ठेवणे जरा जड जाते.

आणि आपण स्वतः एकदा हे काम करून दाखविले आहे. पोलिओच्या मोहिमेत देशातील वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांच्या याद्या झाल्या, प्रत्येक ठिकाणी पथक गेले, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यनेही वीटभट्ट्यांना जोखमीची ठिकाणे म्हणून आपल्या आराखड्यात घेतले. दोन थेंबांसाठी आपण भट्टी शोधून काढू शकलो. तर मग वजनकाट्यासाठी, रक्ततपासणीसाठी ती सापडत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही.

भट्ट्यांची यादी नाही, ही तक्रार मी आरोग्य विभागाच्या मंडळींकडून पुष्कळदा ऐकतो. वस्तुतः विटांसाठी माती काढावयाची तर गौण खनिजाचे स्वामित्वधन भरावे लागते आणि त्याची नोंद तहसील कार्यालयात असते. म्हणजे यादी आहे, ती दुसऱ्या खोलीत आहे. पारंपरिक कुंभारांना काही सूट असल्यामुळे आणि काही भट्ट्या नोंदीवाचून चालत असल्यामुळे ती यादी अपुरी असेल, पण आरंभाला पुरेशी आहे. महसूल खात्याचे सहकारी येथे बसले आहेत, त्यांनी ती दिवाळीपूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावी, अशी विनंती मी या व्यासपीठावरूनच करतो.

शासनाची साधने अलीकडच्या वर्षांत वाढली आहेत, हेही नमूद केले पाहिजे. अन्न सुरक्षेखालील धान्य २०१९ पासून टप्प्याटप्प्याने देशात कोठेही उचलता येऊ लागले, महाराष्ट्र त्यात आरंभीच्या राज्यांपैकी होता. अंत्योदय शिधापत्रिकेवरचे ३५ किलो धान्य भिवंडीच्या दुकानातही मिळू शकते. अडचण अशी की, कुटुंब दोन ठिकाणी विभागलेले असते. म्हातारी वाडीवर आणि जोडपे भट्टीवर. वाटा कसा पाडावयाचा हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते, आणि पुष्कळांचे कार्ड उचलीपोटी दुसऱ्याच्याच हातात असते. महिला व बालविकास विभागाने २०२१-२२ मध्ये स्थलांतराचा मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली सुरू केली. घर सोडणाऱ्या गरोदर माता, स्तनदा माता आणि मुले यांची नोंद एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीकडे जावी हा तिचा हेतू. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. फक्त एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाठविणारी सेविका नोंद करते, पण घेणाऱ्या सेविकेच्या दृष्टीने भट्टीवरचे मूल हे आपल्या पटावरचे वाढीव ओझे ठरता कामा नये. त्या मुलाचा आहार, त्याचे वजन, त्याची घरभेट यांसाठी तिला जादा शिधा आणि जादा दाम मिळाले, तर प्रणाली जिवंत राहील. नाही तर पडद्यावर हिरवी खूण दिसेल आणि मूल उपाशी असेल.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान जनमन अभियान सुरू झाले. विशेष दुर्बल आदिवासी गटांना घर, रस्ता, पाणी, अंगणवाडी आणि फिरते वैद्यकीय पथक देण्याची ही योजना असल्यामुळे आपल्या कातकरी वाड्या तिच्यात येतात. घराचे मोल मोठे आहे. पक्के घर आणि त्याखालची जागा नावावर झाली, तर दर हंगामाला वाडी मोडून जाण्याची ओढ कमी होईल. परंतु फिरत्या पथकाच्या वेळापत्रकाविषयी मला बोलावयाचे आहे. गाडी जानेवारीत वाडीवर गेली तर तेथे तिला आजी भेटेल, आजोबा भेटेल, कोंबड्या भेटतील. ज्यांच्यासाठी गाडी निघाली ती माणसे तेव्हा भट्टीवर आहेत. जून ते ऑक्टोबर वाडी आणि नोव्हेंबर ते मे भट्टी, असे दोन मार्ग त्या गाडीला आखून दिले पाहिजेत. तिचा हिशोब वस्तीगणिक न होता माणसागणिक झाला पाहिजे.

ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत राज्याला एक कटू प्रसंग पाहावा लागला. बीड जिल्ह्यात तोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९ साली चौकशी समिती नेमावी लागली आणि तोडणीला जाण्यापूर्वी व परतल्यावर आरोग्य तपासणीचा आग्रह तेव्हापासून धरला जाऊ लागला. ही जाण्यापूर्वीची तपासणी कातकऱ्यांसाठीही करता येईल, आणि तिच्यासाठी नवा निर्णय निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खांडस, आंबिवली, कडाव, नेरळ येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये यांना आपापल्या हद्दीतील वाड्या पाठ आहेत. भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा या दहा-बारा दिवसांत वाडी हलते, हेही पाठ आहे. तेव्हा तपासणी त्यापूर्वी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

शिमग्याविषयी एक सूचना करून मी माझे भाषण संपविणार आहे. जवळच्या भट्ट्यांवर गेलेली कुटुंबे होळीला वाडीवर परततात. चार-आठ दिवस वाडी भरलेली असते, ढोल वाजत असतो. हंगामाच्या अगदी मध्यावर, कोणीही न बोलावता, आपली सारी माणसे आपल्या हद्दीत येतात. त्या दिवसांत सुट्टी घेण्याची आपली रीत आहे, आणि मी काही आपणांस सण सोडावयास सांगत नाही. होळीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक मोठ्या वाडीवर एक सत्र ठेवावे. राहिलेला डोस, बाळाचे वजन, क्षयरोग्याच्या पुढील दोन महिन्यांच्या गोळ्या, गरोदर स्त्रीचे रक्त, आणि तिचे कार्ड पेटीतून काढून तिच्याच हाती देणे. आशाताईंनी वाडीतल्या वृद्धांना विचारून कोण कोणत्या दिवशी येणार ते आठवडाभर आधी लिहून ठेवावे. या वर्षीच्या पंचांगात होळी कधी आहे ते पाहून दोन्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सत्रांच्या तारखा आजच ठरवाव्यात आणि त्या माझ्याकडे पाठवाव्यात. त्या छापून वाडीवाडीच्या आणि भट्टीभट्टीच्या फलकावर लावण्याचे काम आमचे कार्यालय करील.